मूडी

“मूडी है, मैम,” विक्रांत म्हणाला, आणि क्षिप्राच्या हातातला चहाचा कप ओठांपर्यंत न पोचता मध्येच हवेत राहिला. तसं राहण्यासारखं त्यात काही नव्हतं. विक्रांत एका टेस्टबद्दल बोलत होता. काल हिरवी होती, आज लाल झाली, परत चालवली तर परत हिरवी होईल, मूडी आहे. हे वाक्य तो रोज सकाळी म्हणायचा, आणि ते ऐकून रोज सकाळी क्षिप्राच्या मनात यायचं, की या मुलाला कुणीतरी वेळेवर दोन ठेवून द्यायला हव्या होत्या. गाझियाबादहून चार्टर्ड बसनं येणारा, टायची गाठ ढिली ठेवली की आपण अमेरिकन दिसतो अशी समजूत असलेला हा मुलगा पडद्यावरच्या लाल ओळीकडे असा बघायचा, जसं सासरवाडीचे लोक रुसून बसलेल्या जावयाकडे बघतात : येईल, येईल जेवायला, जरा दम धरा. पण आज तो शब्द तिला लागला. नेमका कुठे ते कळलं नाही. चपलेत खडा जावा, चप्पल काढून झटकावी आणि पुढच्या पावलाला तो पुन्हा तिथंच असावा, तसं झालं. यंत्राला मूड नसतो, असं ती जरा जास्तच कोरडेपणानं म्हणाली. विक्रांत हसला. “होता है मैम. सर से पूछिए.”

सर म्हणजे भसीन. भसीन यांना विचारण्यासारखं जगात काही असेल असं क्षिप्राला कधी वाटलं नव्हतं. नॉयडाच्या ज्या सेक्टरात हे ऑफिस होतं तिथं आता-आतापर्यंत गव्हाची शेतं होती, आणि खरं म्हणजे काचेच्या इमारतीच्या मागच्या अंगाला ती अजूनही होती. जनरेटरच्या धुरापलीकडे म्हशी बसलेल्या दिसायच्या आणि रवंथ करताना त्यांच्या चेहऱ्यावर भसीन यांच्यापेक्षा अधिक विचार दिसायचा. एका अमेरिकन कंपनीसाठी इथं डीबगर बनत होता. डीबगर म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायला मदत करणारा प्रोग्रॅम. पुण्याला सासूबाईंना हे एकदा तिनं फोनवर समजावून सांगितलं होतं, तर त्या म्हणाल्या होत्या, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, बरंय बाई. टोमणा अचूक होता, म्हणून तो तिला फार दिवस पुरला. या डीबगरला चित्रं नव्हती, माउस नव्हता. काळा पडदा आणि त्यावर अक्षरं. वरच्या अर्ध्यात तपासायचा प्रोग्रॅम, त्यातल्या चालू ओळीपाशी एक छोटा बाण, आणि खाली कमांड टाइप करायची जागा. हे सगळं धड चालतं की नाही ते रोज माणसानं बसून बघणं शक्य नाही, म्हणून टेस्टा लिहिलेल्या होत्या. टेस्ट म्हणजे एक निर्बुद्ध कारकून. तो माणसासारख्या कळा दाबतो, दोन सेकंद थांबतो, मग पडद्यावर जे उमटलं असेल ते वाचून आपल्याजवळच्या नमुन्याशी ताडून बघतो. जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. ते दोन सेकंद कुणी ठरवले होते देव जाणे. मशीन रिकामं असलं तर तेवढ्या वेळात पडदा पुरता उमटायचा. मशीनवर ओझं असलं की अर्धाच उमटायचा, आणि कारकून त्या अर्ध्याला नापास करून पुढच्या प्रश्नाकडे वळायचा. यावर भसीन यांनी काढलेला तोडगा असा, की प्रत्येक टेस्ट तीनदा चालवायची आणि एकदा जरी पास झाली तरी पास धरायची. हा तोडगा त्यांनी मीटिंगमध्ये उभं राहून सांगितला होता आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. दोन हजार साल उजाडताना जगातले संगणक बंद पडणार म्हणून ज्यांची पोटं भरली, आणि काहीच बंद पडलं नाही तेव्हा ते आपल्यामुळेच पडलं नाही असं जे सांगत हिंडले, त्या पिढीचे ते पुढारी होते. मग अमेरिकेतल्या लोकांनी त्याच टेस्टा आपल्या मशीनवर चालवल्या, आणि तिकडं सगळं लाल झालं. एक सभ्य, थंड मेल आला. भसीन यांनी इकडेतिकडे बघितलं आणि ते काम क्षिप्राला दिलं. आप बारीकी से देखती हैं, असं ते म्हणाले, ज्या स्वरात घरातल्या थोरल्या सुनेला सांगतात, की तांदूळ निवडावेत ते तूच.

दुपारी डबा उघडून पोळीचा पहिला तुकडा मोडताना सकाळचा तो चपलेतला खडा सापडला. शनिवारी हा शब्द तिनं स्वतःच वापरला होता. मुलीला शाळेत घालायला नेलं तेव्हा तिथल्या मॅडमसमोर, इंग्रजीत, मान किंचित वाकडी करून : शी इज अ बिट मूडी. नव्या वसाहतीतली ती शाळा, फाटकाशी प्लास्टरचा जिराफ, आत एसी इतका की आयांनी पदर खांद्यावरून ओढून घेतलेले. रांगेत बसलेले आईबाप एकमेकांच्या मुलांकडे असं बघत होते, जसं लग्नात दुसऱ्याचा आहेर बघतात. एका बाईचा मुलगा ग्रहांची नावं म्हणत होता. शनीनंतर तो अडखळला तेव्हा बाईनं त्याच्या दंडाला हळूच चिमटा घेतला आणि आजूबाजूला बघून हसली. क्षिप्राला तिची किळस आली होती. आपण तशा नाही, असं वाटून बरंही वाटलं होतं. शिवांगी, म्हणजे शिवू, तिला तिसरं सरून चौथं लागलं होतं आणि ती मोजकेच शब्द बोलायची. तेही लागेल तेव्हा. या शाळेनं घेतलं नाही तर दुसरी शाळाही हेच विचारणार, आणि मग कुणीतरी तो दुसरा शब्द उच्चारणार, जो क्षिप्रा मनातसुद्धा पुरता होऊ देत नव्हती. मॅडमनी मोठं कार्ड उचलून आपल्या तोंडासमोर धरलं. कार्डाच्या वर त्यांचं केसांचं घरटं तेवढं दिसत होतं. बेटा, व्हॉट इज धिस, असं घरटं म्हणालं. शिवूनं कार्डाकडे बघितलंच नाही. ती खुर्चीत एका बाजूला वाकली, आणखी वाकली, आणि कार्डाच्या मागं काय आहे ते बघायला लागली. शेजारच्या दुसऱ्या मॅडम हसल्या. नॉट फोकस्ड, असं त्या म्हणाल्या, आणि काहीतरी लिहिलं. मग पहिल्या मॅडमनी कार्ड खाली ठेवून क्षिप्राकडे बोट केलं. “अच्छा, ये कौन हैं?”

शिवूनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं, बोटाकडे बघितलं, मग वळून क्षिप्राकडे बघितलं आणि स्वच्छ म्हणाली, “आई.”

“आई?” मॅडम म्हणाल्या. “कौन आई, बेटा?”

“आई.”

“हाँ हाँ, आई. पर कौन आई? मम्मी आई? पूरा बोलो.”

शिवूला आपण पूर्णच बोललो असं वाटत असावं. तिनं तिसऱ्यांदा आई म्हटलं, जरा दमून. मॅडम क्षिप्राकडे वळून समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, “देखिए, बच्ची क्रिया बोलती है, कर्ता नहीं बोलती.” म्हणजे पोरीनं आपली आई ओळखली आणि या बाईंनी ती हिंदीतली ‘आली’ समजून तिला व्याकरणात नापास केलं. क्षिप्रानं सांगितलं, की मराठीत आई म्हणजे मम्मी. सांगताना तिला वाटलं, आपण काहीतरी खेडवळ कबूल करतो आहोत. ओह, मराठी, असं मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर उलगडा झाल्याचं समाधान पसरलं. घरात मराठी, पाळणाघरात पंजाबी-हिंदी, इथं इंग्लिश. “बस, यही प्रॉब्लम है. कन्फ्यूज हो रही है बच्ची.” डॉक्टरही हेच म्हणाला होता, प्रिस्क्रिप्शनचा कागद फाडता फाडता, शिवूकडे न बघता. तीन भाषांचा हा सिद्धांत दिल्लीत सगळ्यांना पाठ होता. ज्यांना स्वतःला एकही भाषा धड येत नव्हती ते तो सर्वांत जास्त आत्मविश्वासानं सांगायचे. क्षिप्राला त्या दोघींना काहीतरी झोंबेल असं म्हणायचं होतं. प्रत्यक्षात ती मान वाकडी करून म्हणाली, शी इज अ बिट मूडी.

परतताना गाडीत तिचा नवरा सुजय शीळ घालत होता. सुजय मोबाइल फोनच्या कंपनीत होता, रोज गुडगावला जायचा, आणि अलीकडे त्याच्या प्रत्येक वाक्याला यार लागायला लागलं होतं, जसं ओल आलेल्या भिंतीला पोपडे लागतात. “चिल यार क्षिप्रा,” तो म्हणाला. “मुलं उशिरा बोलतात. मी चार वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो, आईला विचार.” आणि त्यानंतर तरी काय बोललास, असं तिच्या अगदी तोंडाशी आलं. लग्नानंतर दिल्लीच्या मुनिरकात एका खोलीत राहायचे तेव्हा हाच सुजय जिन्यात उभा राहून दिल्लीवाल्यांच्या नकला करायचा. यांचं कुठलंही काम ओळखीशिवाय होत नाही, म्हणायचा, यांना मरतानासुद्धा यमाकडे चिठ्ठी लागेल. वरच्या मजल्यावरची, परीक्षांचा अभ्यास करणारी लातूर-नांदेडची मुलं खो खो हसायची. त्याच सुजयनं रविवारी सकाळी कुणाला तरी फोन लावला, त्या कुणाचा तरी मेव्हणा शाळेच्या ट्रस्टवर होता, आणि दहा मिनिटं जी भाईसाब, बिल्कुल भाईसाब करून त्यानं फोन ठेवला. “झालं. येत्या शनिवारी परत बघतील. अगं, दोनदा न्यावं लागेल, तीनदा लागेल. एकदा तर बोलेल ना?” आणि क्षिप्राला, खरं सांगायचं तर, त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं होतं. मग ती दिवसभर शिवूला समोर बसवून कार्डं दाखवत राहिली. व्हॉट इज धिस, असं विचारायचं, आणि शिवू गप्प राहिली की स्वतःचे ओठ थोडे विलग करायचे, अॅपल म्हणताना होतात तसे. शिवू त्या ओठांकडे बघून म्हणायची, आपो. क्षिप्रा टाळ्या वाजवायची. संध्याकाळी दिवे गेले. सेक्टरात हे रोजचंच होतं, पण शिवू दिवे गेले की हंबरडा फोडायची. अंधारात क्षिप्रा तिला पोटाशी धरून बोलत राहिली, आहे गं, इथंच आहे, आणि शिवू जास्तच ओरडत तिचा चेहरा चाचपत राहिली, गाल, नाक, ओठ, ओठांवर बोटं घट्ट दाबून. सुजयनं मेणबत्ती आणली तशी ती एकदम शांत झाली. “किती घाबरते अंधाराला,” सुजय म्हणाला. यावर दोघांचं एकमत होतं.

टेस्टा दुरुस्त करायच्या कामात क्षिप्राला हळूहळू एक ओंगळ आनंद मिळायला लागला. एकेक उघडावी तर आत तोच प्रकार. कळ दाब, दोन सेकंद थांब, वाच. कुठं कुठं कुणा शहाण्यानं दोनाचे पाच केले होते. तेवढंच त्याचं आयुष्यातलं संशोधन. ऑफिसात सगळे याला वेट म्हणायचे. वेट बढा दो, वेट कम करो. पण हे वाट बघणं नव्हतं, हे नुसतं थांबणं होतं, आणि हा फरक यांना कोण सांगणार, असं तिला वाटायचं. थांबणाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे असतं. वाट बघणाऱ्याचं लक्ष दाराकडे. थांबणारा, वेळ संपला की, उठून जातो, मग समोरचा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर का असेना. तिनं थांब काढून टाकलं. त्या जागी लिहिलं, की बाण अमुक ओळीवर येईपर्यंत वाट बघ, आला की लगेच वाच. त्यातही एक ग्यानबाची मेख निघाली. कधी कधी मागच्याच कमांडचा बाण अजून तिथं असायचा, आणि टेस्ट त्यालाच नवा समजून, आला आला म्हणत जुनाच पडदा वाचून मोकळी व्हायची. म्हणजे आधी जुनी खूण पुसली गेली हे बघायचं आणि मगच नवीची वाट बघायची. हे तिनं विक्रांतला समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मैम, इतना कौन सोचता है?” प्रश्न नव्हता तो, सहानुभूती होती. क्षिप्रा आपल्या जागी परत आली तेव्हा तिला त्या संपूर्ण मजल्याची, त्यावरच्या टाय लावलेल्या सगळ्या मानांची अशी काही कीव आली की अंगात ऊब आल्यासारखं झालं. तिला त्या उबेची सवय होती. शाळेतल्या मॅडम, डॉक्टर, सुजय, भसीन, पाळणाघरातल्या आंटी. हिवाळ्यात लोक गच्चीवर उन्हात पाठ देऊन बसतात तशी ती त्या सगळ्यांच्या मूर्खपणाला पाठ देऊन बसायची. त्यांच्यापैकी कुणालाही वाट बघता येत नव्हती. शिवूलाही कुणी वाट बघून विचारलं तर ती बोलेल, हे तिला आता टेस्टांइतकंच स्पष्ट दिसत होतं. तिच्यात काही कमी नाही, कमी विचारणाऱ्यांत आहे. शनिवारी ती त्या मॅडमना हेच सांगणार होती, आणि कोणत्या शब्दांत, तेही तिनं ठरवलं होतं.

गुरुवारी सकाळपर्यंत सगळ्या टेस्टा हिरव्या झाल्या आणि पुन्हा पुन्हा चालवल्या तरी हिरव्या राहिल्या. एक सोडून. संगणकावर ज्या खिडकीत डीबगर उघडतो तिचा आकार बदलला तर पडदा नव्यानं नीट उमटतो की नाही, हे बघणारी ती टेस्ट. पूर्वी ती कधी लाल, कधी हिरवी व्हायची. मूडी मंडळींमधली मुख्य. आता ती दर वेळी लाल व्हायला लागली. क्षिप्रानं वाट बघायला लावली. पडदा काळा. आणखी वाट बघायला लावली. काळा. शेवटी तिनं टेस्ट बाजूला ठेवली, डीबगर हातानं चालवला, खिडकीचा कोपरा धरून ओढला, आणि हाताची घडी घालून बसली. अक्षरं गेली ती परत आलीच नाहीत. आकार बदलला ही बातमी डीबगरला पोचतच नव्हती. पोचतच नव्हती आणि कधीच पोचली नव्हती. मग ही टेस्ट पूर्वी पास कशी व्हायची? तिनं मागं मागं जाऊन शोधलं. तिच्या आधी जी टेस्ट चालायची तिचा पडदा कधी कधी पुसायचा राहून जायचा, आणि तो नेमका हिच्या नमुन्याशी जुळायचा. शेजारच्याचं बघून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यासारखी ती पास होत आली होती. आता शेजारी पुसला गेल्यावर खरं काय ते उघडं पडलं होतं. ती भसीन यांच्याकडे गेली. भसीन यांनी पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघितलं. “पहले तो कभी-कभी पास होता था. आपने ठीक किया है या बिगाड़ा है?”

“पहले भी पास नहीं था, सर. बगल वाले का देखकर लिख रहा था.”

“तो लिखने दीजिए ना,” भसीन म्हणाले. ते चिडले नव्हते, उलट प्रेमळपणे बोलत होते. डिलिव्हरी होऊन जाऊ दे, तोवर ही एक टेस्ट यादीतून काढून ठेव, नंतर निवांत बघू. कोणाला कळणार आहे? क्षिप्रा त्यांच्या टेबलावरच्या काचेच्या गणपतीकडे बघत राहिली. एरवी तिला या माणसाबद्दल काय काय वाटलं असतं. पण ती ऐकत नव्हती. चालतं आहे एवढं बघितलं की झालं, ते कशाच्या आधारावर चालतं आहे हे कोण बघतं, असं काहीसं तिच्या डोक्यात फिरत होतं, आणि ते भसीन यांच्याबद्दल नव्हतं.

जागेवर येऊन ती खुर्चीत बसली आणि काळ्या पडद्याकडे बघत राहिली. कधी कधी हे काही कारण नव्हे, हे ती आठवडाभर सगळ्यांना सुनावत होती. पास होते तेव्हा काय असतं आणि नापास होते तेव्हा काय नसतं, एवढंच विचारा, म्हणत होती. शिवू कधी कधी ऐकते. मग ऐकते तेव्हा काय असतं? आंघोळ घालताना ऐकते, पाटावर समोरासमोर. लिफ्टमध्ये ऐकते, पाठ असली तरी. लिफ्टमध्ये आरसा आहे. जेवताना ऐकते. स्वयंपाकघरातून दहा हाका मारल्या तरी येत नाही. लाडावली आहे, असं सुजय म्हणतो. गाडीत मागच्या सीटवर एक शब्द बोलत नाही. गाडीत तिला झोप येते, असं क्षिप्रा म्हणते. चप्पल कुठाय म्हटलं की बरोबर चपलेकडे जाते, आणि विचारताना क्षिप्रा स्वतः चपलेकडेच बघत असते. कार्ड तोंडासमोर धरलं तर ती कार्डाच्या मागं वाकून बघते. तिथं तिला काय बघायचं होतं? आणि अंधारात... अंधारात ती ओठ चाचपत होती. इतके महिने तीच शिवूचा शेजारी होती. तीच पडद्यावर उत्तर ठेवून जात होती आणि तीच टाळ्या वाजवत होती. डॉक्टरनं मुलीकडे बघितलं नाही, म्हणून ती त्याला मूर्ख म्हणत होती. तिनं स्वतः तर रात्रंदिवस बघितलं होतं, डोळ्यांत तेल घालून, आणि बघून बघून एक शब्द शोधून काढला होता, जो विक्रांतलाही सुचला होता. नाही, असंही असेल की हे सगळं तिच्या मनाचे खेळ. उगाच पराचा कावळा. घरी जाऊन एकदा विचारावं आणि ती बोलेल, वळेल, नेहमीसारखी हसेल. आणि नाही वळली तर पुन्हा विचारावं. तीनदा विचारावं. क्षिप्रा उठली. विक्रांतनं मान वर करून विचारलं, सब ठीक, मैम? तिनं त्याला सांगितलं, की मी घरी जाते आहे, आणि ती टेस्ट यादीतून काढायची नाही; लाल आहे, लालच राहू दे.

सायकलरिक्षात बसल्यावर उन्हानं तापलेलं रेक्झिन मांड्यांना चिकटत होतं. रस्त्याच्या कडेला अर्धवट बांधलेल्या मॉलवरची जाळी वाऱ्यानं फडफडत होती, कुठल्या तरी ट्रकचा हॉर्न एकसारखा वाजत होता, रिक्षावाला पुढच्या रिक्षाला शिव्या देत होता, वर विमान. तिनं डोळे मिटून घेतले आणि मग कानही झाकून घेतले, तळव्यांनी, घट्ट. रिक्षावाल्यानं वळून बघितलं. त्याचे ओठ हलले. मॅडम, तबियत, असं काहीतरी असावं. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या, त्यावरून तो काळजीनं विचारतो आहे हे कळलं. एवढं कळलं म्हणून ती मान हलवून हसली, आणि हसल्याबरोबर तिनं हात कानांवरून काढून घेतले, भाजल्यासारखे.

पाळणाघर त्यांच्याच ब्लॉकमध्ये तळमजल्यावर होतं. ते चालवणाऱ्या आंटी दारातच पालक निवडत बसल्या होत्या. आज इतनी जल्दी, म्हणाल्या. क्षिप्रानं ओठांवर बोट ठेवलं आणि आत गेली. खोलीत मुलं सतरंजीवर दाराकडे पाठ करून बसली होती, समोर ठोकळ्यांचा ढीग. शिवू मधोमध, तिची मान बारीक, वेणी सुटलेली, ती एकावर एक ठोकळे चढवत होती आणि फार मन लावून चढवत होती. क्षिप्रा चार पावलांवर उभी राहिली. आपली सावली पुढं पडत नाही ना, ते तिनं बघितलं. फरशीवर पाय आपटायचा नाही, टाळी वाजवायची नाही, समोरच्या काचेत दिसायचं नाही. इतका खरा प्रश्न तिनं आपल्या मुलीला आजवर विचारलाच नव्हता. हाक अजून मारली नव्हती तोवर सगळं ठीक होतं. तसंच, न मारताच परत जावं असं तिला वाटून गेलं. मग घरात हाक मारतात तशा साध्या आवाजात ती म्हणाली,

“शिवू.”

सगळी मुलं वळली. ज्यांची ती हाक नव्हती ती सगळी वळली, एक अगदी रांगतं पोरसुद्धा, आणि टकामका क्षिप्राकडे बघायला लागली. शिवूनं आणखी एक ठोकळा उचलला, तो दोन्ही हातांनी वर ठेवला, आणि डगमगत नाही ना हे बघत राहिली. क्षिप्रानं वाट बघितली. पुन्हा हाक मारायची नाही, हे तिनं दातांखाली धरून ठेवलं होतं. शिवूनं पुढचा ठोकळा घ्यायला हात लांब केला तेव्हा तिला शेजारच्या मुलीचा चेहरा दिसला, भलतीकडेच वळलेला. तिनं दुसरीकडे बघितलं. तोही चेहरा तिकडेच. मग त्या सगळ्यांच्या नजरा जिकडे गेल्या होत्या तिकडे ती सावकाश वळली, आणि आईला बघून तिचं तोंड उजळलं.

मागून आंटी म्हणाल्या, “देखिए, सुन लिया ना. मर्ज़ी की मालिक है आपकी बेटी.”

“सुना नहीं, आंटी,” क्षिप्रा म्हणाली. “देखा.”

“एक ही बात है,” आंटी म्हणाल्या आणि पालकाची जुडी सोडायला लागल्या.

क्षिप्रानं वळून त्यांच्याकडे बघितलं. काहीतरी नेहमीसारखं, धारदार, तोंडाशी यायला हवं होतं. ते आलं नाही. ती सतरंजीवर गेली, मुलांनी तिला जागा करून दिली, आणि खिडकीचा उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल अशी ती शिवूच्या समोर बसली.